महाराजबागेतली मोकळी दुपार



पोळा झाला की आपल्याकडे थोडे दिवस हाताला उसंत मिळते. निंदण आटोपत आलेलं असतं आणि कापूस फुटायला अजून अवकाश असतो. याच दिवसांत बचत गटांच्या सहली निघतात. सहल म्हणजे देवदर्शन, हे आपलं ठरलेलं. रामटेक, आदासा, कोराडी, नाहीतर ताजबागेत ताजुद्दीन बाबांचा दर्गा. नागपूरला गेलो तर आधी दीक्षाभूमी, मग बर्डीवर थोडी खरेदी, आणि संध्याकाळी परत. २०२३ पासून एस. टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून सहली वाढल्या आहेत.

मागच्या वर्षी आमच्या गटानं बर्डीच्या खरेदीऐवजी महाराजबागेत जायचं ठरवलं. मोरभवनाच्या स्थानकावर उतरलं की बाग पायी जाण्याइतकी जवळ आहे. आत शिरलो, मुलं पिंजऱ्यांकडे पळाली आणि आम्ही चौदा जणी एका मोठ्या झाडाखाली डबे सोडून बसलो. पाचच मिनिटांत एक काकू विचारू लागल्या, "आता काय करा लागते इथं?"

"काही नाही, बसा लागते."

काकूंना ते पटलं नाही. थोड्या वेळानं पाहिलं तर त्या बसल्या जागीच सरकत सरकत केना आणि तरोटा उपटत होत्या. बाजूला मुठीमुठीनं ढीग लागला होता. सगळ्या जणी हसलो. काकूही हसल्या, पण हात काही थांबला नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. ही बाग मुळात कुणाच्या बसण्यासाठी झाली, आणि आपण इथे बसायला इतक्या उशिरा कशा पोचलो? आजचं बोलणं त्यावरच आहे.

नावातले महाराज म्हणजे नागपूरकर भोसले. शहर वसवलं त्यांच्याआधी, देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. पुढे १७४३ च्या सुमारास रघूजी भोसल्यांचा अंमल बसला आणि त्यांच्या घराण्यानं शहराभोवती तलाव आणि बागा केल्या. तेलंखेडी, तुळशीबाग, सक्करदरा ही नावं आजही आहेत. राजवाडा महालात, म्हणजे जुन्या शहरात. महाराजबाग मात्र शहराबाहेर, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे, नाग नदीच्या काठी. या नदीवरूनच शहराला नाव पडलं असं सांगतात. अंबाझरीकडून येणारं तिचं पाणी बागेजवळून जुन्या शहराकडे वाहत जायचं. आज तिथे उभं राहिलं की नाकाला पदर लावावा लागतो. शहरानं तिचा नाला करून टाकला आहे. पण बाग इथेच का केली, हे त्या नाल्याकडे पाहूनच समजतं. विहीर आणि ओढा पाहून आपण भाजीचा वाफा धरतो ना, तसंच.

बागेतून सीताबर्डीची टेकडी जवळच आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात तिथे भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. भोसले हरले. त्यानंतर गादी राहिली, पण हुकूम इंग्रज रेसिडेंटचा चालू लागला. गादीवर बसवलेले तिसरे रघूजी तेव्हा लहान होते. घराण्याचा कारभार पाहायला एक बाई पुढे आली. दुसऱ्या रघूजींची विधवा, बांकाबाई.

हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे, फक्त बागेच्या संदर्भात नाही. तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबत निघते. पिवळी मारबत आणि काळी मारबत. इडापिडा, रोगराई घेऊन जा, अशा आरोळ्या देत लोक त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. काळी मारबत म्हणजे बांकाबाई, इंग्रजांना मिळालेली राणी, असं तिथे सांगतात. १८८१ पासून ती निघते म्हणे. मीही लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून ती पाहिली आणि सगळ्यांबरोबर ओरडले.

पुढे वाचल्यावर मात्र मला त्या ओरडण्याचं थोडं वाईट वाटलं. काय झालं ते ऐका. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी वारले. पोटी मुलगा नव्हता. गव्हर्नर जनरल डलहौसीनं दत्तक मान्य न करता १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. राज्य गेलं ते गेलंच, पण पाठोपाठ वाड्यातल्या वस्तूही गेल्या. दागिने लिलावासाठी कलकत्त्याला नेले. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीच्या बाजारात विकले, तेही मातीमोल भावानं. वाड्यातलं सामान हलवलं तर वाड्यालाच आग लावीन, असं एका वृद्ध राणीनं बजावल्याचं इंग्रजांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. राण्यांनी दाद मागायला कलकत्त्याला आणि थेट विलायतेला वकील पाठवले. उपयोग झाला नाही.

१८५७ च्या उठावात बांकाबाईंनी आपल्या माणसांना आवरलं, इंग्रजांविरुद्ध जाऊ दिलं नाही, हेही खरं आहे. लोकांचा राग त्याबद्दलचा. मी त्यांचं वकीलपत्र घेत नाही. पण १८१७ ला लढाई हरणाऱ्या, नंतर तह करणाऱ्या, दरबारात कुर्निसात करणाऱ्या पुरुषांपैकी कुणाची मारबत निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. जिच्या डोळ्यांदेखत घरातले दागिने मोजून नेले, ती म्हातारी तेवढी दरवर्षी जळते. १८५८ मध्ये त्या वारल्या. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मारबत पाहाल तेव्हा हेही आठवा, एवढंच.

राज्याबरोबर महाराजबागही सरकारजमा झाली. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, नागपूर त्याची राजधानी झालं. सीताबर्डीपलीकडे साहेबांची वस्ती वाढली, तीच सिव्हिल लाइन्स. महाराजबाग आता तिच्या कडेला आली आणि सार्वजनिक बाग झाली. पुढे ती शेतीखात्याच्या हाताखाली गेली, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नागपुरात १८८८ मध्ये शेतीचा वर्ग सुरू झाला, १९०६ मध्ये त्याचं कृषी महाविद्यालय झालं. आजही बाग आणि महाविद्यालय शेजारी शेजारी आहेत, आणि दोन्ही अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहेत. म्हणजे राजाच्या फुलबागेशेजारी कापूस, ज्वारी, गहू यांचा अभ्यास होऊ लागला. कुणाचं बी चांगलं, कोणत्या वाणाला बोंडं जास्त, हे तपासलं जाऊ लागलं. शिकणारे मात्र सगळे पुरुष. बी निवडून, राखेत घोळून, कणगीत जपून ठेवणारी बाई त्या वर्गात नव्हती. आता तिथे मुली भरपूर दिसतात. आम्ही गेलो तेव्हा दोन मुली हातात वही घेऊन झाडांची पानं मोजत होत्या. काकूंनी त्यांना विचारलं, "कोणाच्या वो पोरी तुम्ही?" एक निघाली यवतमाळकडची, एक गोंदियाची. दोघींच्याही घरी वावर होतं.

प्राणिसंग्रहालय १८९४ चं. म्हणजे भोसल्यांचे हत्ती बाजारात विकले गेल्यावर चाळीस वर्षांनी त्याच भागात लोकांना दाखवण्यासाठी जनावरं आणून ठेवली. लहान मुलं असतील तर तुमचा निम्मा वेळ तिथेच जाणार. वाघ, बिबट, अस्वल, हरणं, मोर, तऱ्हेतऱ्हेचे पक्षी. पण पिंजऱ्यासमोर उभ्या राहाल तेव्हा एक लक्षात ठेवा. इथे आलेली कितीतरी जनावरं आपल्याच भागातली. आई मेलेली पिल्लं, विहिरीत पडलेला किंवा गावात शिरलेला बिबट, अशांना ठेवायला गोरेवाड्याचं केंद्र होण्याआधी हीच जागा होती. ज्या बाईची शेळी बिबटानं नेली तिला त्याच्याकडे पाहताना काय वाटतं, हे शहरातल्या माणसाला समजायचं नाही. आमच्यात एक होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "इथं किती लहान दिसते हा."

जागा जुनी आणि अपुरी, म्हणून २०१८ मध्ये केंद्रीय प्राधिकरणानं या प्राणिसंग्रहालयाची मान्यता काढून घेतली होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि प्राणी इथेच राहिले. २६ जानेवारी २०२१ ला गोरेवाड्याचं मोठं प्राणिउद्यान सुरू झालं. तिथे गाडीत बसून मोकळ्यावरचे वाघ पाहता येतात, पण ते बरंच लांब आहे आणि तिकीटही जास्त. गटाच्या पैशात महाराजबागच परवडते.

आता माझ्या प्रश्नाकडे येते. बाग सार्वजनिक झाली, फाटक उघडलं. पण त्या फाटकातून आत येऊन बसायला दुपार कुणाकडे मोकळी होती? १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. पुढे विड्यांचे कारखाने वाढले. खेड्यातून आलेल्या कितीतरी बायका तिथे कामाला लागल्या. सकाळी भोंगा, संध्याकाळी भोंगा, आणि मधल्या वेळात लेकरू कुठे ठेवायचं ही चिंता. आजारी पडलं की मजुरी बुडाली. अशा बाईला बाग सार्वजनिक असून काय उपयोग?

शिवाय बागेच्या पलीकडच्या साहेबी वस्तीत कुणी कसं जायचं, हेही सरकारच ठरवत होतं. १९२३ मध्ये तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी केली, तेव्हा देशभरातून सत्याग्रही नागपुरात आले. तोच झेंडा सत्याग्रह. त्यात अटक झालेल्या स्त्रियांमध्ये हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान होत्या. वय विशीच्याही आत.

पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट त्यानंतरची, आणि ती महाराजबागेतली नाही. नागपुरातल्याच दुसऱ्या एका बागेतली आहे, मोहन पार्कमधली. १९४२ चा जुलै महिना. १८ आणि १९ तारखेला तिथे अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांची नेमणूक नुकतीच जाहीर झाली होती. आणि २० जुलैला त्याच मांडवात दलित महिलांची वेगळी परिषद भरली. परिषदेच्या अहवालात बायकांचा आकडा दिला आहे २५,०००.

२५,००० बायका, मैत्रिणींनो, आणि जुलै महिन्यात! डवरणी-निंदणाचे दिवस. एक दिवस घरी राहिलं तर मजुरी जाते. नागपूर, वऱ्हाड आणि त्याही पलीकडून त्या आल्या. लेकरं काखेत, भाकर फडक्यात बांधलेली, असं चित्र माझ्या डोळ्यासमोर येतं. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे, स्वागताध्यक्ष कीर्तीबाई पाटील, चिटणीस इंदिराबाई पाटील. सभेच्या खुर्च्यांवर बायका, भाषणं बायकांची, ठराव बायकांचे. इतक्या बायका आलेल्या पाहून बाबासाहेबांना फार आनंद झाला. त्यांनी भाषणात सांगितलं की मुलींची लग्नं घाईनं उरकू नका, त्यांना शिकवा, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याच्या बरोबरीनं, मैत्रीण म्हणून उभ्या राहा, गुलाम होऊ नका.

ठराव काय केले ते नीट ऐका, कारण आपल्या ग्रामसभेत आजही कुणी असे ठराव मांडताना मी पाहिलेलं नाही. बाईला घटस्फोटाचा हक्क असावा. एक बायको असताना दुसरी करायला कायद्यानं बंदी असावी. मुलींच्या शिक्षणासाठी प्रांतोप्रांती वसतिगृहं काढावीत. कायदेमंडळात आणि स्थानिक संस्थांत बायकांना प्रतिनिधित्व मिळावं. गिरणीत बायकांवर देखरेख करायला बाईच असावी. आणि गिरणी, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, एक महिना पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई, आणि वीस वर्षं नोकरी झाल्यावर महिना १५ रुपये पेन्शन.

या शेवटच्या ठरावावर मी दर वेळी थबकते. मजुरी वाढवा ही मागणी कुणाच्याही तोंडी असते. या बायकांनी रजा मागितली. काम न करता घालवायचा दिवस, आणि त्या दिवसाचा पगार. ज्यांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, मंदिरात शिरू देत नव्हते, त्या बायका बागेत बसून ठरवत होत्या की आम्हाला सुट्टी पाहिजे. त्यातल्या पुष्कळ जणींना सही करता येत नसेल. पण वर्षाचे दिवस मोजून नेमके २१ मागता येत होते.

त्यांनी मागितलेलं सगळं लगेच मिळालं नाही. १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन वर्षातून सलग काही दिवस पगारी सुट्टी कायद्यात आली. तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडेच होतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात ती तरतूद कायम झाली. दुसरी बायको करायला बंदी आणि घटस्फोटाचा हक्क १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं आला. एका बागेतल्या ठरावांमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही, कायद्यांमागे खूप हात असतात. पण मागणाऱ्यांत आपल्या भागातल्या बायका होत्या, हे आपल्या मुलींच्या पुस्तकात सापडत नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून त्या काळातल्या बायकांना शोधलं, बोलतं केलं आणि 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहिलं, म्हणून एवढं तरी कळतं. गावच्या वाचनालयात ते नसेल तर मागवायला सांगा.

आणि हो, वावरात रोजंदारीनं जाणाऱ्या बाईला पगारी रजा अजूनही नाही. ती कारखान्याच्या कायद्यात बसत नाही. १९४२ च्या त्या ठरावातही शेतमजूर बाईचा उल्लेख नव्हता.

आता जायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. प्राणिसंग्रहालयाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, निघण्याआधी विचारून घ्या. सकाळी गेलात तर जनावरं जागी दिसतात, दुपारी ती आडोशाला झोपतात. पाण्याच्या बाटल्या घरून न्या. प्लास्टिकच्या पिशव्या मुलांच्या हातात देऊ नका, हरणं त्या खातात. आधी प्राणी पाहून घ्या, मग जेवा, आणि जेवल्यावर निदान तासभर कुठेही न जाता बसा. महाविद्यालयाची रोपवाटिका आहे, तिथे फळझाडांची आणि फुलझाडांची रोपं मिळतात. आमच्यापैकी चौघींनी लिंबाची घेतली. संत्र्याची घ्यायची होती, कारण विदर्भात संत्र्याची रोपं औरंगाबादकडून भोसल्यांनीच आणली असं सांगतात. पण एस. टी.त एवढी रोपं कुठे ठेवणार, म्हणून लिंबावर भागवलं. वेळ उरला तर सीताबर्डीच्या टेकडीकडे एकदा मान वर करून पाहा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत जाता येत नाही.

आम्ही पाचच्या गाडीनं परत आलो. दुसऱ्या दिवशी गटाच्या वहीत खर्च लिहायचा होता. तिकिटं, चहा, बागेचं तिकीट, सगळं मांडलं, पण वर काय लिहायचं यावर वाद झाला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रशिक्षण लिहा." सचिव म्हणाली, "देवदर्शन लिहू, म्हणजे कोणी विचारत नाही." शेवटी केना उपटणाऱ्या काकूंनी वही आपल्याकडे ओढली. त्या साक्षरता वर्गात शिकल्या आहेत, अक्षर मोठं मोठं येतं. त्यांनी पानावर आडवं लिहून टाकलं, सुट्टी. वही तपासायला येणाऱ्या ताईंनी त्याबद्दल अजून काही विचारलेलं नाही.